खालून वर गेलेला फोन

अवजारांच्या खोलीतला फोन भिंतीवर होता. हिरवा, पिळे पडलेल्या वायरचा. तो वाजला की खोलीतल्या नऊ माणसांचे हात जागच्या जागी थांबत. कात्र्या घासणारीचा ब्रश थांबे, कापडाच्या घड्या घालणारी अर्ध्या घडीवर थांबे, आणि वाफेच्या यंत्रापाशी उभा असलेला लांबू, जो एरवी यमालाही चार विनोद ऐकवेल, तोसुद्धा यंत्राच्या काट्याकडे टक लावून बघत राही.

फोन वरून येई. वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमधून. ही खोली तळघरात. रुग्णालयातली सगळी अवजारं इथे उतरत, धुतली जात, पुसली जात, यादीप्रमाणे ट्रेमध्ये मांडली जात. मग ट्रे दुहेरी कापडात बांधायचा, त्यावर चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर बांधणाराने सही करायची, वाफेत घालायचा आणि सामानाच्या लिफ्टने वर पाठवायचा. सगळं नीट झालं तर फोन वाजत नसे. "आज ट्रे छान होता हं," असं सांगायला वरून कोणी फोन केल्याचं ताईंना सव्वीस वर्षांत आठवत नव्हतं.

ताई या खोलीच्या नव्या प्रमुख. वय त्रेपन्न, जाड चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज इतका हळू की पलीकडच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. रोज सकाळी तळघराच्या सोळा पायऱ्या उतरताना त्या मधेच थांबत, कठड्याला हात लावत आणि मनात म्हणत, "देवा, आज फोन वाजू देऊ नकोस." एवढंच. दुसरं काही मागायचं त्यांना सुचतच नसे.

प्रमुखपद त्यांनी मागितलं नव्हतं. ते अंगावर येऊन पडलं होतं.

त्यांच्या आधीच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणत. एखाद्या ट्रेमध्ये एक चिमटा कमी निघाला की तोफ डागली जाई. सगळ्यांदेखत, आईबापांचा उद्धार करून, कधी कधी भरलेला ट्रे फरशीवर आपटून. मग माणसांनी काय करावं? त्यांनी आपली एक रीत काढली. तिला खोलीत 'उसनं' म्हणत. ट्रे भरताना एखादं अवजार सापडलं नाही, तर शेजारच्या टेबलावरच्या, उद्याच्या ट्रेमधून गुपचूप उचलायचं. आजचा ट्रे पुरा झाला. उद्याचा परवाच्याकडून घेईल. हरवलेली वस्तू दोन दिवसांत कुठल्या तरी बादलीच्या तळाशी नाहीतर टॉवेलच्या घडीत सापडतेच. सापडली की गुपचूप परत ठेवायची. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसं. कोणी कोणाची चुगली केली नाही. तोफेच्या राज्यात माणसं एकमेकांना सांभाळत होती ती अशी.

आणि एके दिवशी दोन मुलांची एक आई पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनला आली. घाई एवढी होती की सुरुवातीला अवजारं मोजलीच नाहीत, चिठ्ठीवरच्या सहीवर भिस्त ठेवली. शिवण्याआधी मोजणी झाली. चिठ्ठीवर चौदा चिमटे, हातात तेरा. चौदावा कुठे? अशा वेळी डॉक्टरांना एकच जागा सुचते. पाऊण तास ती बाई तशीच उघड्या पोटाने टेबलावर होती आणि चार माणसं तिच्या आत एक चिमटा शोधत होती. तो तिथे कधी गेलाच नव्हता. तो तळघरात होता. स्वच्छ धुतलेला, दुसऱ्याच ट्रेमध्ये, कापडात गुंडाळलेला.

बाई वाचली. महिनाभर तापाने फणफणली, पण वाचली. तोफेने गडबडीने राजीनामा दिला. चौदावा चिमटा त्या ट्रेमधून कोणी उचलला, ते कोणीच बोललं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी ताईंना वर बोलावलं. रुग्णालयाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. पुढ्यात कागद होता.

"सव्वीस वर्षं, बाई. तुमच्या सहीचा एकही ट्रे कधी कमी निघालेला नाही. खोली आता तुम्ही सांभाळा. पण नीट ऐका. तीन महिने देतो. या तीन महिन्यांत एक जरी अपुरा ट्रे वर आला, तर खालची खोली बंद. काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकणार. नऊच्या नऊ जण घरी. आणि जरा धाक बसवा. तुमचा आवाज फार मऊ आहे."

ताई "हो सर" म्हणाल्या. तो चौदावा चिमटा त्यांनीच उचलला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावलं. हातातला कागद टेबलावर ठेवला.

"आजपासून उसनं बंद," त्या म्हणाल्या. "काही कमी पडलं तर मला सांगायचं. मी कोणाला रागावणार नाही."

"रागावणार नाही, मग पायातलं खेटर हातात घेणार का?" लांबूने विचारलं. दोन-तीन जणी हसल्या.

मावशी हसल्या नाहीत. मावशी म्हणजे खोलीतला सगळ्यात जुना हात. ताईंना ट्रे बांधायला त्यांनीच शिकवलेलं. त्या नुसत्या बोटांनी चाचपून कात्रीची धार सांगत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"पोरी," मावशी म्हणाल्या, "तोफसुद्धा पहिल्या दिवशी हेच म्हणाला होता. मला सांगत जा म्हणाला. मी गेले सांगायला. पुढचे आठ दिवस मला 'या, हरवणाऱ्या बाई' अशीच हाक मारायचा."

"मी तशी नाही हो, मावशी."

"खुर्चीत बसायच्या आधी कोणीच तसं नसतं." एवढं म्हणून त्या आपल्या टेबलाकडे वळल्या.

त्यानंतर आठ दिवस कोणी काही सांगितलं नाही. एक कात्री कमी नाही, एक सुई वाकडी नाही. चुका लिहायच्या वहीचं पान कोरं. ताईंना त्या कोऱ्या पानाची अशी धास्ती बसली की जेवण जाईना. सव्वीस वर्षं या खोलीत काढलेल्या बाईला ठाऊक होतं, की आठ दिवसांत काहीच हरवत नाही असं इथे होतच नाही. म्हणजे उसनं चालूच होतं. फक्त आता ते त्यांच्यापासूनही लपवलं जात होतं. टेबलांमधून फिरताना त्यांना वाटे, या पन्नास ट्रेंपैकी एकात भोक आहे आणि ते पुढे पुढे सरकतंय. आज या टेबलावर, उद्या त्या. कधीतरी ते लिफ्टमध्ये बसून वर जाणार.

त्यांचे मालक, म्हणजे यजमान, शिंपी. घरीच मशीन. संध्याकाळी ते एका विजारीची शिलाई उसवत होते आणि ताई बसून बटणं लावत होत्या. एकच बटण त्यांनी तीनदा लावून तीनदा काढलं.

"अगं, त्या बटणाने तुझं काय घोडं मारलंय?"

ताईंनी मग सगळं सांगितलं. कोरं पान, मावशींचं बोलणं. आणि शेवटी, अगदी शेवटी, चौदावा चिमटा. हे त्यांनी आजवर देवापुढेही शब्दांत उच्चारलं नव्हतं.

मालकांनी विजार खाली ठेवली.

"तू त्यांना सांगा सांगा म्हणतेस," ते म्हणाले. "तुझं सांगितलंस का?"

"नोकरी जाईल हो माझी."

"जाईलही. मी काय सांगू? पण त्यांनाही तेच वाटत असणार ना गं."

दुसऱ्या दिवशी ताई पायऱ्यांवर थांबल्या, पण नेहमीचे शब्द येईनात. तशाच खाली उतरल्या. सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

"त्या दोन मुलांच्या आईचा चिमटा," त्या म्हणाल्या, "मी घेतला होता. माझ्या ट्रेमध्ये एक कमी होता. शेजारच्या ट्रेमधून उचलला. दुपारपर्यंत परत ठेवेन असं वाटलं. दुपारी तो ट्रे वर गेलेला होता."

यंत्रातून वाफ सुटत होती. ताईंना वाटलं, आता कोणीतरी जिना चढून मोठ्या डॉक्टरांकडे जाणार. आज, नाहीतर उद्या. कापडाच्या घड्या घालणारी डोळ्यांना पदर लावून उभी होती. लांबूने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. असं त्याचं कधीच होत नसे.

मावशींनी एकच विचारलं, "वर सांगितलंस?"

"नाही."

"मग अर्धंच सांगितलंस," मावशी म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तो दिवस गेला, दुसरा गेला. कोणी वर गेलं नाही. ताईंनी एक गोष्ट मात्र नेमाने सुरू केली. रोज सकाळी टेबलाशी दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं. पहिल्यांदा ताई बोलायच्या, काल आपल्या हातून काय चुकलं ते. "काल मी चिठ्ठीवर तारीख चुकीची घातली." "काल मी सिस्टरना उलट उत्तर दिलं." मग विचारायच्या, "आणखी कोणी?" आणि गप्प राहायच्या. ही गप्प राहण्याची वेळ फार अवघड. मोठे डॉक्टर तर जिन्यात भेटले की विचारायचे, "बसला का धाक?" ताई मान हलवायच्या, होही नाही आणि नाहीही नाही अशी.

अशा एकोणीस सकाळी झाल्या. विसाव्या दिवशी लांबूने घसा खाकरला.

"काल दुपारी यंत्राचा काटा मधेच खाली आला होता, वाफ कमी पडली. मी वेळ वाढवून द्यायला हवी होती. दिली नाही. घरी जायची घाई होती. तीन ट्रे आहेत. वर गेलेत."

ताईंच्या मनात एका क्षणात तोफेचे सगळे शब्द आले. अगदी जिभेवर आले. माणसं वर उघडी पडणार, त्यांच्यावर ही अवजारं चालणार, आणि याला घाई होती! त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"वापरले असतील का?"

"माहीत नाही, ताई."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. आवाज कसा निघाला ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्या हिरव्या फोनपाशी गेल्या आणि त्यांनी स्वतः वर फोन लावला. सव्वीस वर्षांत खालून वर गेलेला हा पहिला फोन. थिएटरच्या सिस्टर इतक्या मोठ्याने ओरडल्या की रिसीव्हरमधून सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "नऊचं ऑपरेशन थांबवू का आता? झोपा काढता काय खाली?" ताई "हो सिस्टर, चूक आमची आहे, तासाभरात परत देतो" एवढंच म्हणत राहिल्या. तिन्ही ट्रे कोणी उघडले नव्हते. ते खाली आले.

फोन ठेवून ताई वळल्या. आठ माणसं त्यांच्याकडे बघत होती. वरचा ओरडा आता खाली, लांबूच्या डोक्यावर ओतला जाणार याची वाट बघत होती.

"चला, यंत्र तापवा," ताई म्हणाल्या. "पुन्हा घालू."

त्या दिवसापासून वहीचं पान भरायला लागलं. एक सुई, एक वाकडी कात्री, एक फाटकं कापड. शोधाशोध चारचौघांत होऊ लागली. "अहो, माझा चिमटा बघितला का कोणी? नाकात घातला नाही ना लांबूने?" अशा हाका टेबलांवरून जाऊ लागल्या. लांबू म्हणे, "माझ्या नाकात मावेल असा चिमटा अजून बनायचाय."

मावशी मात्र रोज टेबलाशी उभ्या राहत आणि काहीच बोलत नसत. ताईंचं लक्ष त्यांच्याकडे जाऊ लागलं. मावशी आपला ट्रे हळूहळू खिडकीच्या झरोक्याखाली ओढत. यादी हातभर लांब धरत, मग अगदी नाकाशी आणत. अवजार उचललं की त्यावरून बोट फिरवत. धार बघायला नव्हे, ते काय आहे हे ओळखायला. ताईंच्या लक्षात आलं.

एकदा त्यांनी धीर केला. "मावशी, डोळे दाखवून आलात का कुठे?"

"माझे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत. तुझ्या नाकावर बघ, काचेच्या विटा आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोन वर्षं राहिलीत गं. मला हातातून काढू नकोस."

ताई गप्प बसल्या. हे गप्प बसणं चुकतंय, हे त्यांना कळत होतं. पण जिने बोट धरून शिकवलं, तिला 'तुम्हाला दिसत नाही' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? अजून दोन दिवस थांबू, आपणहून बोलतील, असं त्या मनाला सांगत राहिल्या.

तीन महिन्यांना अकरा दिवस उरले असताना मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. ताई त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. डॉक्टर वही चाळत होते.

"हे काय? अडीच महिन्यांत सत्तावीस चुका? तोफेच्या, म्हणजे तुमच्या आधीच्या साहेबांच्या काळात वर्षाला चार असायच्या."

"तेव्हा लिहीत नव्हते, सर."

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ताईंचे हात मांडीवर आवळले गेले. डॉक्टरांनी ऐकलं. चेहरा बदलला. "कुठला? अकराचा? रुग्णाला भूल दिली का? नाही? थांबवा."

त्यांनी फोन ठेवला.

"अकराच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये एक चिमटा कमी आहे. ट्रे वर पोचला होता."

ताईंना समोरची भिंत लांब गेल्यासारखी वाटली. नऊ माणसं. लांबूची तीन मुलं. मावशींची दोन वर्षं.

"वर मोजताना कळलं का, सर?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही. तुमच्या खोलीतून फोन आला. कोणी बाई होत्या. म्हणाल्या, ट्रे मी बांधलाय, पुसायच्या टॉवेलात माझ्या हाताला एक चिमटा लागलाय, तो त्याच ट्रेमधला आहे, उघडू नका. सिस्टर म्हणतात, रडत होत्या."

मावशी. ट्रे वर गेलेला, टॉवेलात चिमटा, आजूबाजूला कोणी बघत नाही. खिशात टाकून उद्याच्या ट्रेमध्ये ठेवणं किती सोपं होतं. त्याऐवजी त्या उठून हिरव्या फोनपर्यंत गेल्या. आकडे दिसत नसताना, बोटांनी चाचपून त्यांनी फोन लावला.

ताई उठून उभ्या राहिल्या. अर्धंच सांगितलंस, हे शब्द कानात होते.

"सर, त्या बाईंना नीट दिसत नाही. मला ठाऊक होतं. मी विचारलं, त्या नको म्हणाल्या आणि मी घाबरून गप्प बसले. ही चूक माझी. आणि आणखी एक सांगायचंय. त्या दोन मुलांच्या आईचा चौदावा चिमटा मी उचलला होता. माझ्या सहीचा एकही ट्रे कमी निघाला नाही, तो असा."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. ताईंना वाटलं, आता ते खोली बंद करण्याचा कागद ओढतील, त्यावर सही करतील आणि संपलं.

"हे कोणाला ठाऊक आहे?"

"खालच्या सगळ्यांना. मी सांगितलंय."

"आणि एकानेही मला येऊन सांगितलं नाही." त्यांनी वही मिटली. "तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. ती कायम फाइलमध्ये राहील. ट्रे वर आला, म्हणजे माझी अट मोडली."

"हो सर."

"तीन महिने आजपासून पुन्हा मोजायचे. त्यानंतर बघू." मग वही ताईंकडे सरकवत ते म्हणाले, "आणि त्या बाईंना आजच डोळ्यांच्या विभागात पाठवा. डोळे बरे होईपर्यंत ट्रे बांधायचे नाहीत. पण घरी बसवू नका. टॉवेल चाचपायला असं माणूस लागेल."

ताई खाली आल्या तेव्हा मावशी फोनखालच्या स्टुलावर बसल्या होत्या. लांबू पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा होता, एकही विनोद न करता.

"मी सांगितलं गं," मावशी म्हणाल्या. "सगळं सांगून टाकलं."

"मीही," ताई म्हणाल्या. "या वेळी पुरं."

मावशींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्याच महिन्यात ठरलं. डोळ्यांचा ट्रे सगळ्यात बारीक असतो. केसाएवढ्या सुया, बोटाच्या पेराएवढ्या कात्र्या. तो ताईंनी स्वतः बांधला. लांबूने यादी मोठ्याने वाचली, कापडवालीने एकेका अवजाराला बोट लावलं, ताईंनी मांडलं. तिघांनी मोजलं, पुन्हा मोजलं. मग ताईंनी सही केली.

ट्रे लिफ्टमध्ये गेला. आकडा एक, दोन, तीन झाला. ताईंनी हिरवा फोन उचलला.

"सिस्टर, खालून बोलतेय. डोळ्यांचा ट्रे पाठवलाय. आम्ही तिघांनी मोजलाय, पण तुम्हीही उघडल्यावर एकदा मोजा. आमची मावशी आहे हो ती."